तिसाव्या दिवसाचं अक्षर

लिंबामामा टाकीखाली आले तेव्हा त्यांच्या काखेत नातीची पाटी होती.

दुपारचे दोन वाजले असतील. सकाळचं पाणी सोडून झालं होतं, संध्याकाळच्या पाळीला वेळ होता, आणि नगर परिषदेच्या उंच टाकीची सावली तेवढीच काय ती आमच्या मालकीची होती. मी डबा उघडून बसलो होतो. मामांनी पाटी माझ्यापुढे ठेवली, तळहाताने दोनदा पुसली आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला लिहायला शिकव."

मला हसू आलं. अठ्ठावन्न वर्षांचा, मिशा पिकलेला माणूस, व्हॉल्व्हचं चाक फिरवून फिरवून हात राठ झालेले, आणि पाटीच्या लाल चौकटीवर फुलपाखरू चिकटवलेलं.

"आता शिकून काय करता, मामा? शाळेत नाव घालायचंय?"

"हसू नको. मुकादमाची जागा भरायलेत. लिहिता-वाचता येणाऱ्यालाच देणार हायेत म्हणं. जाता जाता दोन वर्षं मुकादम म्हणून काढली तर तुझ्या बापाचं काय जातंय?"

माझ्या बापाचं काहीच जात नव्हतं. मी डबा बाजूला सारला आणि त्याच दुपारी त्यांना पहिली रेघ ओढायला लावली. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. तरी मी त्यांना अहो-जाहोच करतो, कारण जिभेला तीच सवय आहे. बाकी त्यांच्याबद्दल आदर वगैरे काही उरलेलं नाही.

आम्ही दोघे पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होतो. ठरल्या वेळी ठरल्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडायचा, ठरल्या वेळी बंद करायचा, आणि मधल्या वेळात बायकांची बोलणी खायची. काम दोघांचं एकच. फरक एवढाच, की लिंबाजी गवारे कायम होते आणि मी, अंगद कोकाटे, रोजंदारीवर. माझी नेमणूक एकोणतीस दिवसांची. तिसाव्या दिवशी खंड, म्हणजे त्या दिवशी मी नगर परिषदेचा कुणीच नाही. एकतिसाव्या दिवशी नवा हुकूम, की जणू मी आजच पहिल्यांदा गावात उगवलो. सेवा सलग झाली तर माणूस कायम करा म्हणून मागणी करतो. तेव्हा ती सलग होऊच द्यायची नाही, असा तो बंदोबस्त होता.

पण गावाला तिसाव्या दिवशीही तहान लागायची. जुन्या गावातले व्हॉल्व्ह जमिनीखालच्या खड्ड्यांत होते आणि मामांच्या गुडघ्यांना ते खड्डे झेपत नव्हते. आस्थापना विभागाचे हेडक्लार्क बिडवे यांनी मला पहिल्याच महिन्यात समजावलं होतं, की खंडाच्या दिवशी घरी बसायला माझा मी मुखत्यार आहे, फक्त दुसऱ्या दिवशी हुकूम निघेलच याची त्यांना खात्री देता येत नाही. मग मी खंडाच्या दिवशीही जायचो. फुकट.

पाणी सोडल्याची एक जाड वही असायची. तारीख, गल्ली, सोडल्याची वेळ, बंद केल्याची वेळ आणि सोडणाऱ्याचं नाव. एकोणतीस दिवस तिथे मी माझं नाव लिहायचो आणि तिसाव्या दिवशी 'लिंबाजी गवारे'. लिहायचो मीच. मामांना सहीपलीकडे काही येत नव्हतं, आणि ती सहीसुद्धा प्रौढ शिक्षणाच्या वर्गात कधीतरी पाठ करून घेतलेली. असे सहा वर्षांत बहात्तर दिवस मी त्यांच्या नावाने राबलो. त्या दिवशी ते माझ्यासाठी घरून भाकरी आणायचे. म्हणायचे, आज तू माझ्या नावाचा हायेस, तर भाकर बी माझीच खा. या माणसावर मी विश्वास का ठेवला, असं मला अनेकांनी विचारलं. मला त्या भाकरीपेक्षा जास्त काही सांगता आलं नाही.

त्या वर्षी वरून पत्र आलं, की रोजंदारीवरच्या लोकांचे कायम होण्याचे दावे तपासा. सेवा सलग असेल, किंवा खंड नुसता कागदावरच होता असं सिद्ध झालं, तर माणूस कायम. आमच्यापैकी कुणाची अर्ज करायची छाती होईना. कारण उघड होतं. अर्ज फेटाळला गेला तर पुढचा एकतिसावा दिवस उगवणार नव्हता. कार्यालयाकडे बोट दाखवणाऱ्याला परत कोण बोलावतो?

माझ्या डोक्यात ते मामांनीच भरवलं. आठवडाभर मागे लागले. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी वही मांडीवर घेतली, त्यांच्या नावाच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ. साहेब मला बोलावतील. मी म्हणंन, ह्यातली एक रेघ बी माझी न्हाई. मला ओढताच येत न्हाई. लिही म्हणा मला, बघा येतंय का. खंडोबाच्यान सांगतो, असंच म्हणंन."

अंगठाबहाद्दर असण्याचा पहिल्यांदाच काहीतरी उपयोग होतोय, असं म्हणून ते स्वतःच हसले. दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. पंधरा दिवसांनी सुनावणीची नोटीस आली, दीड महिन्यानंतरच्या तारखेची. आणि त्याच्या दुसऱ्या दुपारी मामा पाटी घेऊन टाकीखाली आले.

तुम्ही म्हणाल, एवढं तुझ्या लक्षात आलं नाही? माझ्या नाही आलं. माझ्या बायकोच्या आलं. मंदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, मामांना लिहिता येत नाही यावरच तर आपली सगळी मदार आहे ना? मग सुनावणी होईपर्यंत थांबा की. नंतर शिकवा, कुठं पळून जातंय. आणि साठीला आलेल्या माणसाला मुकादम कोण करणार आहे?

मी तिच्यावर खेकसलो. मामा तिथे जाऊन स्वतः खरं सांगणार होते. त्यांना चार अक्षरं आली काय नि नाही आली काय, फरक काय पडणार होता? शिकायला कधीपासून सुरुवात केली तेही ते सांगतील. "मामा आहेत ते," मी म्हणालो. मंदाने पुढची भाकरी तव्यावर टाकली.

दोन दिवसांत मामांनी पाटी बाजूला ठेवली आणि जुनी, भरलेली वही मागितली. मुकादम झाल्यावर वहीच लिहायची आहे, तर वहीतलंच गिरवतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. मी कोऱ्या कागदावर एक ओळ लिहून द्यायचो, ते खाली दहादा उतरवायचे. कुंभार गल्ली, सकाळी सहा. तेली गल्ली, सकाळी सात. हात थरथरायचा, पेन्सिलीचं टोक मोडायचं, कपाळावरचा घाम कागदावर पडायचा. एवढी मेहनत घेणारा शिष्य कुठल्या मास्तराला मिळाला नसेल.

माझ्या अक्षरात एक खोड आहे. 'ल' काढताना माझा हात पहिली वाटी फार मोठी काढतो आणि दुसरी तिच्या पाठीमागे लपते. चौथीत त्यासाठी मार खाल्लाय. मामांनी तसाच 'ल' काढला तेव्हा मी खोडून सरळ काढून दाखवला. म्हटलं, हा दोष माझा आहे, तुम्ही कशाला घेता?

"न्हाई, मला तसाच बरा वाटतो," ते म्हणाले आणि पुन्हा तसाच काढला.

मला इतकं बरं वाटलं, की मी घरी जाऊन मंदाला सांगितलं. विसाव्या-बाविसाव्या दिवशी त्यांनी न बघता स्वतःचं नाव लिहिलं, पाठ केलेली सही नव्हे, एकेक अक्षर ओळखून. कागद लांब धरून किती वेळ बघत राहिले. मग रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचायला लागले, मोठ्याने, एकेक अक्षर तोडून, भर बाजारात. लोक हसायचे. मी हसलो नाही. उलट माझीच छाती फुगायची. महिना संपता संपता त्यांची आणि माझी ओळ शेजारी ठेवली तर मलाही क्षणभर विचार करावा लागायचा. मी त्यांना म्हणालो, मामा, इतक्या लवकर कुणी शिकत नाही. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, लाजले.

सुनावणी मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात झाली. जिल्ह्याच्या कार्यालयातून सावरगावकर मॅडम आल्या होत्या. चष्मा कपाळावर चढवलेला, बोलणं थोडकं. बाई अन्यायी नव्हत्या, हे मी आधीच सांगून टाकतो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी वह्या उघडून बहात्तर ओळी दाखवल्या, माझा अर्ज शेजारी ठेवला, अक्षर एकच आहे हे दाखवलं. त्यांनी अक्षरावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी मामांना बोलावलं.

मामा धुतलेला सदरा घालून आले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

"गवारे, या तारखांना पाणी कोणी सोडलं?"

"मी."

मला वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही. मॅडमनी विचारलं, "आणि या नोंदी कोणी लिहिल्या?"

"मीच. वही मीच लिहितो, साहेब. अंगदच्या नावाची ओळ बी मीच लिहायचो."

बिडवे खुर्चीच्या मागे उभे होते. ते वाकून नम्रपणे म्हणाले, की अर्जदाराचं म्हणणं गवारेंना लिहिता येत नाही असं आहे, तर मॅडमनी समक्ष लिहून घ्यावं म्हणजे शंका नको. मॅडमनी कोरा कागद आणि पेन पुढे केला.

"लिहा. कुंभार गल्ली, सकाळी सहा वाजता पाणी सोडले."

मामा टेबलावर वाकले. पहिला शब्द उमटला. दुसरा उमटताना पेन थांबला. मोठी वाटी पुढे आणि छोटी वाटी मागे, असा माझा 'ल' कागदावर उभा होता आणि मामा त्याच्याकडे बघत थांबले होते. पेन कागदावरून उचललेला होता. मॅडमनी कागद थोडा आपल्याकडे वळवून पाहिला.

"अक्षर सुरेख आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

मामांनी वर बघितलं. मग खाली वाकून त्यांनी उरलेली ओळ पूर्ण केली. आणि कुणी न सांगता तिच्याखाली आणखी एक लिहिली, तेली गल्लीची.

मी उभा राहिलो. "मॅडम, हे मी शिकवलंय. दीड महिन्यापूर्वी त्यांना काही येत नव्हतं. टाकीखाली बसून मी शिकवलंय."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांना माझी चेष्टा करायची नव्हती, खरोखर कळत नव्हतं म्हणून विचारत होत्या. "गवारेंना लिहिता येत नाही, यावर तुमचा सगळा दावा उभा आहे. आणि नोटीस आल्यावर तुम्हीच त्यांना लिहायला शिकवलंत? तुमच्याच अक्षरात?"

मामांनीच शिकव म्हणून सांगितलं, एवढंच मी म्हणालो. मॅडमनी विचारलं, दुसरा कोणी साक्षीदार आहे का. टाकीवर येणारे-जाणारे पाच-सहा जण होते, दुपारच्या वेळी आमची शाळा बघून गेलेले. सगळ्यांच्या नेमणुका एकोणतीस दिवसांच्या. मी कुणाचंच नाव घेतलं नाही. घेतलं असतं तरी कुणी आलं नसतं.

अर्ज फेटाळला गेला. नोंद ज्याच्या नावाची, काम त्याचं, असं निकालात होतं. महिनाअखेरीस माझा खंड आला आणि त्यानंतर हुकूम आला नाही. कामाच्या अनुभवाचा दाखला तरी द्या म्हणून गेलो, तर बिडवे म्हणाले, वही लिंबाजींनी लिहिलेली आहे हे आता सिद्ध झालंय, मी कशावरून दाखला देऊ? मामांनी केसाने गळा कापला होता, आणि हे गृहस्थ आता मुंडकं कुठे आहे म्हणून विचारत होते.

आठ दिवस मी घरात बसून होतो. नवव्या दिवशी मामांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते सगळं ठरवून गेलो होतो आणि त्यात एकही शब्द चांगला नव्हता.

मामा बाहेर गेले होते. कौसामामी, म्हणजे त्यांची बायको, तांदूळ निवडत ओट्यावर बसली होती. मला बघून तिला केवढा आनंद झाला. तिला काहीच माहीत नव्हतं, हे दोन वाक्यांत माझ्या लक्षात आलं. तुझे उपकार फिटायचे न्हाईत म्हणाली. म्हातारा आता पोथी वाचतो, नातीला शुद्धलेखन घालतो म्हणाली. मी म्हटलं, मुकादमाचं काय झालं?

"मुकादम?" ती हसली. "ती जागा तर कवाच बंद झाली की, बाबा. हे तर पेन्शनीसाठी शिकलेत. तुझी ती नोटीस आली ना, त्याच सांजेला बिडवे साहेब आलते घरी. म्हणले, लिहायला शिका, न्हाईतर वहीचं प्रकरण तुमच्या अंगावर येतंय, पेन्शन अडकंल. हे म्हणले, ह्या वयात कोण शिकवतंय मला? तर साहेबच म्हणले, अंगदचं अक्षर चांगलं हाय, त्याच्याकडनंच शिका. हुबेहूब त्याच्यासारखंच काढा."

तिने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. चहा टाकते म्हणून आत गेली. मी तिथेच बसून राहिलो. सुनावणीच्या दिवशी मामा घाबरून फिरले असतील, ऐनवेळी कुणीतरी दम दिला असेल, असं मी आठ दिवस स्वतःला सांगत आलो होतो. ते पहिल्या दुपारी, पाटी पुसत होते तेव्हाच फिरलेले होते. दीड महिना मी रोज शेजारी बसून माझ्याविरुद्धची साक्ष त्यांच्याकडून गिरवून घेत होतो, चुकलं की हात धरून सुधारून देत होतो.

मामा आले. मला बघून दारातच थांबले, मग चप्पल काढून माझ्यापासून हातभर अंतरावर बसले. मी ठरवून आणलेलं सगळं विसरलो. एवढंच विचारलं, की बिडव्याला 'नाही' असं का म्हणाला नाहीत.

"एवढ्या वर्षांची नोकरी," ते म्हणाले. "खोट्या नोंदीवर माझं नाव. त्यानं कागदच पुढं ठेवला. मी हो म्हणलो, पण मला वाटलं व्हतं मला यायचंच न्हाई. ह्या वयात कुणाला येतंय? दीड महिना गिरवायचं, न्हाई जमलं म्हणायचं. बिडव्याला बी बोलायला जागा न्हाई, अन् तुझं बी काम झालं असतं. तू लई चांगलं शिकवलंस."

"आलं तर आलं. तिथं चुकवता आलं असतं, मामा. पेन खाली ठेवायचा, येत नाही म्हणायचं. एवढंच होतं."

"तेच ठरवून गेलतो. खंडोबाच्यान. दुसऱ्या शब्दाला थांबलो बी व्हतो."

ते थांबले होते. मी बघितलं होतं.

"मग?"

त्यांनी ओट्यावरचा एक तांदूळ बोटाने पुढे ढकलला, पुन्हा मागे घेतला.

"बाई म्हणल्या ना, अक्षर सुरेख हाय म्हणून," ते म्हणाले. "मला जन्मात कुणी असं म्हणलं नव्हतं, अंगद. साहेब समोर, बिडव्या समोर. मग पेन ठिवू वाटंना."

पेन्शनीसाठी त्यांनी मला बुडवलं, हे मी कधीतरी गिळलं असतं. मलाही पोट होतं, मलाही भीती कळत होती. पण हे मला गिळता येईना. ते अक्षर माझं होतं. बाईंनी कौतुक केलं ते माझ्या हाताचं होतं. हे मला त्यांना ओरडून सांगायचं होतं, आणि ते समोर बसले होते, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर अजूनही त्या दिवशीचा थोडा आनंद घेऊन.

आतून कौसामामी कपबश्या घेऊन आली. मी चहा न घेता उठलो. पुढे अडत बाजारात हमालीचं काम धरलं, मग तोलाईचं, पोरं मोठी झाली. मामांच्या दारात मी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. ते वारल्याचा निरोप आला तेव्हा मंदा जाऊन आली, मी नाही गेलो.